नव्याने स्वयंपाक करणाऱ्यांसाठी: आधी कडधान्यं भिजवायला शीक

रोज नवा पदार्थ शोधत बसू नकोस. आधी एकच सवय लाव: रात्री झोपण्यापूर्वी कडधान्य भिजत घालायचं. चणे, राजमा आठ-दहा तास भिजले की कुकरमध्ये पटकन शिजतात. शिवाय एक वाटी कोरडे दाणे शिजून दोन-अडीच वाट्या होतात, म्हणजे दोन वेळची सोय. अर्धे कांदा-टोमॅटोवर परत, उरलेले फ्रीजमध्ये ठेव आणि तीन दिवसांत संपव.

राजम्याचं मात्र मनापासून सांगते, तो अर्धकच्चा कधीही खाऊ नकोस, पोट फार बिघडतं. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळून मऊ शिजवायचा.

भिजवायचं राहून गेलं तर मसूर डाळ आहेच, न भिजवता वीसेक मिनिटांत तयार.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यात अंडं आणि हाताशी असेल ती भाजी घालून चांगला गरम होईपर्यंत परतलं की पोटभर जेवण होतं. भाज्या मोसमातल्याच घे, स्वस्त पडतात आणि चवीलाही उजव्या. मसाल्यांचे मोठे पुडे इतक्यात आणू नकोस, महिनोन्‌महिने पडून त्यांचा वास उडतो.