विदर्भात मोकळ्या रानात सारस कुठे आणि कधी दिसेल?

पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीत आलो तर सारस पक्षी दिसेल का, असं विचारलंत. दिसेलही, पण तेव्हा धान उभं असतं आणि बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरलेल्या सारसाची नुसती लाल मान वर दिसते. जमलं तर मे-जूनमध्ये या. आमच्याकडचं ऊन सोसावं लागेल, पण बोड्या, म्हणजे लहान तळी, आटल्या की विखुरलेल्या जोड्या पाणी उरलेल्या तलावांवर जमतात. सारसगणनाही त्याच सुमारास होते, तीही पहाटे. तुम्हीही उजाडायच्या आत पोचा.

महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळजवळ सगळा गोंदिया जिल्ह्यात, थोडा भंडाऱ्यात. गोंदिया तालुक्यातले परसवाडा, झिलमिली हे तलाव आणि वैनगंगा-वाघ नद्यांकाठची धानशेती बघा. नदीपलीकडे मध्य प्रदेशातलं बालाघाट; पक्षी दोन्हीकडे ये-जा करतात. नवेगावबांधचा तलाव सुंदर आहे, पण केवळ सारसासाठी मी तिकडे पाठवणार नाही.

ओळखायला सोपा. उभा राहिला की माणसाएवढा, राखाडी अंग, डोकं-मान लाल, बहुधा जोडीनं. उडताना मान सरळ ताणलेली असते. बगळा मान दुमडून उडतो. दिसण्याआधी बरेचदा आवाजच येतो, नर-मादी एकत्र ओरडतात तो, लांबवर जातो.

पावसाळ्यात मात्र शोधत फिरू नका. तेव्हा घरटी असतात, तीही तलावांसोबत शेतकऱ्याच्या ऐन बांधीत. अंडी साधारण दोन, उबवायला महिनाभर. माणूस जवळ गेला की जोडी उठते आणि कावळ्या-कुत्र्यांचं फावतं. घरट्याभोवतीचं धान ज्याचं दबतं तो शेतकरी गप्प बसून राखण करतो, आणि बाहेरचा माणूस फोटोसाठी शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) थेट आत. याचा मला खरंच राग येतो. उच्च दाबाच्या तारा आणि फवारणीची औषधं सारसाला आधीच पुरेशी भारी पडतात.

तेव्हा गावात पोचलात की आधी विचारा, "काकाजी, सारस कुठं उतरतेत आजकाल?" गोंदियातल्या 'सेवा' या निसर्गसंस्थेसोबत सारसांसाठी काम करणारे सारसमित्र बऱ्याच गावांत आहेत, तेही सांगतील. दुर्बीण आणा, तलावाच्या पाळीवरच थांबा, फोटो टाकलात तरी जागा टाकू नका.

पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियाला येते. स्टेशनवरून पुढे स्वतःची गाडी ठरवून घ्या, पहाटे बसच्या भरवशावर राहू नका.