सिनॉप्सिस जमा करण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, वाचला. लकवा झालेले तीस पेशंट, चार आठवडे मिरर थेरपी (आरशात चांगल्या हाताची हालचाल बघून ती लकव्याच्या हाताचीच भासवायचा व्यायाम), आधी आणि नंतर फ्युगल-मायर, म्हणजे हाताच्या हालचालीला गुण देणारी मोजपट्टी. विषय चांगला निवडलास, पण तुलनेला दुसरा गटच नाही आणि त्यावर मी अडून बसणार आहे. लकव्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हात बराचसा आपणहून सुधारतो. तू आरसा ठेवलास काय नि नुसती विचारपूस केलीस काय, चार आठवड्यांनी गुण वाढलेले दिसणारच. मग ती वाढ आरशाची, हे कशावरून सांगशील? दोन गट कर. दोन्ही गटांना उपचाराचा वेळ सारखाच मिळू दे. कोण कुठल्या गटात, त्याच्या चिठ्ठ्या आतलं दिसणार नाही अशा बंद पाकिटात ठेव. शेवटचे गुण तू देऊ नकोस. कुणाला काय उपचार मिळाले हे ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याला देऊ दे.

गाईडना निकाल 'पॉझिटिव्ह' हवा असतो, असं तू फोनवर म्हणालीस. त्याबद्दलच मला जास्त लिहायचंय.

लकव्याच्या पेशंटला जितक्या लवकर उठवावं तितकं बरं, असं वॉर्डात सर्रास मानलं जायचं. ॲव्हर्ट या चाचणीत पाच देशांतल्या 2104 पेशंटवर ते तपासलं. 24 तासांच्या आत, जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवलेल्यांपैकी तीन महिन्यांनी 46 टक्के चांगल्या स्थितीत होते; नेहमीच्या पद्धतीने उपचार मिळालेल्यांत 50 टक्के. 2015 साली हे छापून आलं आणि अनेकांना पचायला जड गेलं.

आपल्या देशातली अटेंड चाचणी तर तू मुळातूनच वाच. 14 हॉस्पिटलं, 1250 पेशंट. घरच्याच एका माणसाला व्यायाम शिकवायचे आणि त्याने ते घरी करून घ्यायचे. ही कल्पना यशस्वी व्हावी असं कुणाला वाटणार नाही? फिजिओ शहरात, पेशंट गावात, रोजच्या फेरीला ना पैसा ना गाडी. पण सहा महिन्यांनी मरण पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले पेशंट, घरच्यांना व्यायाम शिकवलेल्या आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या, अशा दोन्ही गटांत 47 टक्केच निघाले. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. मला या अभ्यासाचा फार आदर वाटतो. तो झाला नसता, तर आधीच थकलेल्या सुनांवर आणि बायकांवर हे काम टाकून आपण निश्चिंत झालो असतो. तुझा निकाल 'फरक नाही' असा आला तर तो तसाच लिही. मी तुझ्या गाईडशी बोलेन.

आता मोजमाप. फ्युगल-मायरमध्ये हाताचे 66 गुण. त्यात चार वाढले आणि आजींना त्या हाताने भाकरीचा तुकडा मोडता येत नसेल, तर त्यांच्या लेखी काय बदललं? रोजची कामं किती जमतात हे मोजणाऱ्या बार्थेलमध्ये दहा बाबी आहेत, पण उकिडवं बसायला आणि जमिनीवरून उठायला वेगळा रकाना नाही. आपल्याकडे कित्येकांचं घरातलं निम्मं जगणं जमिनीवर चालतं. म्हणून प्रत्येक पेशंटला सुरुवातीलाच विचार, "या हाताने घरी काय करता यायला हवंय?" उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून ठेव आणि चार आठवड्यांनी त्यांच्याकडून ते करवून बघ. एकीला पदर खोचायचा असेल, एखाद्याला म्हशीचं दावं सोडायचं असेल. हे मुख्य मोजमाप होणार नाही. शेजारी दुय्यम म्हणून राहू दे.

मुख्य मोजमाप मात्र एकच ठरव आणि पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदव. मागाहून जे वाढलेलं दिसेल त्यालाच मुख्य म्हणायचा मोह होतो, नोंदणी असली की ती वाट बंद.

तीस हा आकडा कुठून आणलास तेही कळव. मागच्या बॅचने घेतले म्हणून घेतले असशील तर खोडून टाक. किती गुणांचा फरक तुला अर्थपूर्ण वाटतो ते आधी ठरव, मग सॅम्पल साइज काढायला आपण बायोस्टॅटच्या मॅडमकडे जाऊ. एथिक्स कमिटीच्या बैठकीआधी एवढं व्हायला हवं.

तुझे सर