‘रोल’ म्हणजे हुद्दा नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्याकडे एका मोठ्या सर्व्हरचे अनेक एलपार, म्हणजे लॉजिकल पार्टिशन (एकाच यंत्रात वेगवेगळी चालणारी जणू स्वतंत्र यंत्रं) केलेले आहेत आणि ते सगळे एचएमसीवरून, म्हणजे त्यांचा कारभार बघणाऱ्या आयबीएमच्या कन्सोलवरून सांभाळले जातात. तिथे कोणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या ‘रोल’ला मराठीत भूमिका म्हणावं, पद म्हणावं की अधिकार? ‘सुपर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ला महाप्रशासक चालेल का? आणि पार्टिशनला फाळणी म्हणायचं की कप्पा?’

‘पद’ आधी निकालात काढू. ‘त्याचा रोल वाढवला’, ‘मला वरचा रोल द्या’, ‘तिच्यापेक्षा माझा रोल मोठा’ ही वाक्यं कानावर पडली की कपाळात तिडीक जाते. जणू रोल ही खांद्यावरची फीत आहे! ‘माझ्याकडे अ‍ॅडमिन आहे’ ही त्याचीच धाकटी बहीण. अ‍ॅडमिन हा माणूस, खातं की परवानगी, याचा बोलणाऱ्यालाच पत्ता नसतो.

‘भूमिका’ला माझा विरोध वेगळ्या कारणाने. संस्कृत नाटकातल्या पात्राच्या अर्थाने तो शब्द अस्सल आहे, मान्य. पण आजच्या मराठीत भूमिका मांडतात, घेतात आणि बदलतात. ‘रोल-बेस्ड अ‍ॅक्सेस कंट्रोल’, म्हणजे रोल बघून आत सोडण्याची पद्धत, तिचं ‘भूमिकाधारित प्रवेश नियंत्रण’ हे भाषांतर वाचून मला वाटतं, दारावरचा माणूस आत सोडण्याआधी तुमची मतं विचारणार. परिभाषा घडवणाऱ्यांनी कोशातला पहिला प्रतिशब्द उचलला आणि पुढे गेले. मूळ शब्द कुठून आला हे बघायला त्यांना सवड झाली नसावी.

तो कुठून आला हे फार मजेशीर आहे. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. आपला ‘रथ’ याच कुळातला. रोटावरून रोटुलस, म्हणजे छोटं चाक, म्हणजेच गुंडाळलेला कागद. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘रोल’ झालं. नटाच्या वाट्याची भाषणं अशा गुंडाळीवर उतरवून देत, म्हणून गुंडाळीचं नाव पात्राला चिकटलं. लंडनच्या डल्विच कॉलेजात एडवर्ड अ‍ॅलन या नटाची 16व्या शतकाच्या अखेरची अशी एक गुंडाळी अजून जपलेली आहे. कागदाच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवून ती केलेली आहे. तिच्यात अख्खं नाटक नाही. त्याची स्वतःची वाक्यं आहेत आणि आपली पाळी कधी येते हे कळावं म्हणून समोरच्याच्या वाक्याची नुसती शेपटी.

म्हणजे ज्याला त्याला त्याच्या कामापुरतंच. 1975 साली सॉल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी संगणक-सुरक्षेचं तत्त्व म्हणून ‘किमान अधिकार’ लिहून ठेवला, तो नाटकवाल्यांनी कागद वाचवण्यासाठी कधीच पाळला होता.

आता मराठीकडे या. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत नटाच्या हाती जे कागद पडत, त्यांना काय म्हणत? ‘नक्कल’! नक्कल पाठ आहे का, नक्कल चोख हवी, हे त्या लोकांचं रोजचं बोलणं. हा तंतोतंत ‘रोल’ आहे, घरातला आहे, आणि तरी एकाही परिभाषावाल्याला आठवला नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. ‘रोल-बेस्ड अ‍ॅक्सेस कंट्रोल’ या नावातल्या शेवटच्या शब्दाकडे बघा. कंट्रोल म्हणजे ‘कॉन्त्र-रोल’, मध्ययुगीन लॅटिनमध्ये कॉन्त्रारोटुलस: हिशेबाच्या मूळ गुंडाळीशी ताडून बघायला ठेवलेली दुसरी प्रत. म्हणजे फेरायोलो आणि कून या संगणक-संशोधकांनी 1992 मध्ये हे प्रतिमान मांडलं, तेव्हा त्या नावात गुंडाळी दोनदा घातली. आणि दुसऱ्या प्रतीला आपण काय म्हणतो? पुन्हा नक्कलच. कचेरीत दाखल्याची काढतात ती. अरबी ‘नक्ल’ म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेणं, त्यावरून उतरवून घेणं. रोल ही नक्कल आणि कंट्रोल हीही नक्कल. एकाच मराठी शब्दात दोन्ही टोकं बांधली गेली. याला योगायोग म्हणणारे म्हणोत. मला त्यात जगभरच्या कारकुनांची एकच अक्कल दिसते: काम वाटायचं तर लिहून द्या, आणि दिलेल्याची प्रत आपल्याकडे ठेवा.

एचएमसीवर ही दोन्ही कागदपत्रं डोळ्यांनी दिसतात. तिथे रोल दोन जातींचे. एक टास्क रोल, म्हणजे कुठली कामं करायची त्यांची यादी. दुसरा रिसोर्स रोल, म्हणजे ती कामं कुठल्या यंत्रांवर आणि कुठल्या पार्टिशनवर करायची त्यांची यादी. नवा वापरकर्ता केला की दोन्ही याद्या त्याच्या नावाला जोडायच्या. एचएमसीव्ह्यूअर या टास्क रोलवाल्याला पार्टिशन दिसतं, पण बंद करता येत नाही. एचएमसीऑपरेटरला रोजची चालू-बंद कामं करता येतात. एचएमसीसुपरअ‍ॅडमिनच्या यादीत सगळंच. हे तयार रोल खोडून बदलता येत नाहीत. वेगळा हवा असेल तर त्यातला एक पायाला धरून नवा उतरवून काढायचा. पुन्हा नक्कल! आणि कोणी कुठला आदेश केव्हा चालवला याची नोंद कन्सोल स्वतः ठेवतं, ती मागितली की ओळीने समोर येते. तीच ती ताडून बघायची दुसरी गुंडाळी. तिच्याकडे न बघता नुसते रोल वाटत सुटणाऱ्याने ‘कंट्रोल’ हा शब्द तोंडी घेऊ नये.

पार्टिशनच्या आत चालणाऱ्या एआयएक्स या आयबीएमच्या प्रणालीवाल्यांनी तर आणखी एक पायरी ठेवली. तिथे रोल नावावर असणं वेगळं आणि चालू सत्रात तो अंगावर घेणं वेगळं. त्यासाठी एसडब्ल्यूरोल हा आदेश द्यावा लागतो. ‘रोल दिलाय, तरी चालत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांनी हा आदेश दिलेलाच नसतो. हुद्दा असा घालता-काढता येतो का?

तर मग रोलला नक्कल म्हणायचं का? म्हणावंसं फार वाटतं, पण आज नक्कल म्हटलं की लोकांना कोणाच्या तरी चालण्याबोलण्याची टवाळी आठवते. त्यामुळे माझा कौल ‘पट’ला. हजेरीपट, शाळेचा पट, पटावरची नावं. इंग्रजीत जिथे ‘रोल’ पुकारतात तिथे आपण पट बघतो, आणि पट मुळात कापड असल्याने गुंडाळलाही जातो. टास्क रोल म्हणजे कामपट, रिसोर्स रोल म्हणजे यंत्रपट, दोन्ही मिळून अधिकारपट. ‘पट म्हणजे दुप्पट-तिप्पट’ असा आक्षेप येईल. हजेरीपट वाचताना कोणाला पाढे आठवत नाहीत, एवढंच त्यावर सांगतो.

‘महाप्रशासक’ नको. मिनिस्टर हा शब्द लॅटिन ‘मायनस’वरून, म्हणजे जो धाकटा, सेवक, त्यापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. त्या सेवकाला ‘शास्’ धातू लावून आपण दंड हाती दिला, तेवढं पुरे झालं. शिवाय ‘महा’ वस्तुस्थितीलाही धरून नाही. एचएमसीवरचा एचएससीरूट, म्हणजे तिथलं तयार मिळणारं सुपर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं, अख्खं पार्टिशन बंद करू शकतो, त्याची मेमरी कमी करू शकतो, त्याचं टर्मिनल उघडू शकतो. पण टर्मिनल उघडल्यावर समोर येतो तो आतल्या प्रणालीचा लॉगिन. तिथलं खातं नसेल तर हा महापुरुष दारातच उभा. उलट आतल्या रूटला, म्हणजे त्या प्रणालीच्या सर्वाधिकारी खात्याला, स्वतःच्या पार्टिशनला जास्तीची मेमरी आतून घेता येत नाही, त्याला कन्सोलवाल्याकडेच हात पसरावा लागतो. व्हायओएसवर, म्हणजे इतर पार्टिशनांना डिस्क आणि नेटवर्क वाटून देणाऱ्या पार्टिशनवर, पीअ‍ॅडमिन हे तिसरंच खातं, त्याला मोजकेच आदेश चालणारं आखडलेलं शेल देतात. यातला ‘महा’ कोण, ते ठरवून कळवा. मी ‘पूर्णाधिकारी’ म्हणतो, आणि तेही ‘एचएमसीवरचा’ असं पुढे जोडून.

राहिला कप्पा की फाळणी. कप्पा. फाळणीत वाटा तुटून कायमचा वेगळा होतो. इथे आयबीएमच्या 2004 च्या पॉवर5 प्रोसेसरपासून एका प्रोसेसरचा दहावा भागसुद्धा पार्टिशनला देता येतो, आणि तो यंत्र चालू असताना काढून शेजारच्याला लावता येतो. फळी सरकवली की झालं.