ख्रिस्ती विश्वास घरात नेमका कुठे दिसावा?

आपण विचारले आहे की, भिंतीवर क्रूस आहे, जेवणापूर्वी प्रार्थना होते, रविवारची उपासना चुकत नाही, तरीही आपले घर इतर घरांहून वेगळे वाटत नाही. मग ख्रिस्ती विश्वास घरात दिसावा तरी कसा?

बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील क्रम पाहावा. दाराच्या चौकटीवर वचने लिहिण्याची आज्ञा तेथे आहे, पण ती सर्वांत शेवटी येते. आधी ती वचने आपल्या हृदयात असावीत, मग घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी त्यांविषयी बोलावे, आणि त्यानंतर हात, कपाळ व चौकट. आपण बहुतेक जण चौकटीपासून सुरुवात करतो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो.

माझ्या मते विश्वास सर्वांत स्पष्ट दिसतो तो थोरल्याने धाकट्याची क्षमा मागताना. काही वर्षांपूर्वी मी माझ्या मुलाला, त्याचे म्हणणे ऐकूनही न घेता, सर्वांसमोर खोटारडा ठरवले. खरे काय ते संध्याकाळी कळले, आणि रात्री येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋणे सोडण्याच्या, म्हणजे एकमेकांच्या अपराधांची क्षमा करण्याच्या, ओळीपाशी मला पुढे जाता येईना. प्रार्थना तेथेच थांबवून मी त्याची क्षमा मागितली, तीही सर्वांसमोर, कारण आरोपही सर्वांसमोरच केला होता. पश्चात्ताप आणि क्षमा यांविषयी मी त्याला तोवर बरेच शिकवले होते. त्या रात्री त्याने ते प्रथमच पाहिले. त्यानंतर तो स्वतःच्या चुकाही आपण होऊन सांगू लागला.

पतिपत्नींच्या संबंधात नव्या करारातील इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय फार वेळा अर्धाच वाचला जातो. पत्नीने अधीन असावे हे बाविसावे वचन पुष्कळांना पाठ असते. पण त्याच्या आधीचे वचन एकमेकांच्या अधीन राहण्यास सांगते, आणि पंचविसावे वचन पतीसमोर ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायासाठी, स्वतःला दिल्याचे माप ठेवते. ज्या घरात शेवटचा शब्द नेहमी पतीचा आणि त्याग नेहमी पत्नीचा असतो, तेथे उपासना कितीही नियमित झाली तरी मुले दुसराच धडा घेतात. मारहाण सोसण्यासाठी या वचनाचा आधार देणे हा तर वचनाचा उघड गैरवापर आहे, आणि हे मंडळीतही स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे.

कौटुंबिक उपासना अवश्य असावी, पण लहान असावी. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ मध्ये ख्रिस्ती शिकवणीची जी लहान प्रश्नोत्तरी प्रसिद्ध केली, ती कुटुंबप्रमुखाला आपल्या घरच्यांना शिकवता यावे अशा सोप्या रीतीने मांडलेली होती, आणि तिच्यात सकाळच्या, रात्रीच्या व जेवणाच्या वेळच्या छोट्या प्रार्थना होत्या. एक लहानसा उतारा, त्यावर मुलांचे प्रश्न आणि प्रत्येकाची एक-दोन वाक्यांची प्रार्थना, एवढ्याला दहा मिनिटे पुरतात.

घराच्या उंबरठ्यावर येणाऱ्यांचाही विचार करावा. अक्विला आणि प्रिस्किल्ला या पतिपत्नींच्या घरी मंडळी जमत असे, याचा उल्लेख नव्या करारातील प्रेषित पौलाच्या पत्रांत आहे. आपल्या घरी एकाकी माणसाला जेवायला बोलावले जाते का, आणि घरकाम करणाऱ्या व्यक्तीशी आपण कोणत्या स्वरात बोलतो, हे मुले रोज पाहतात. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, ही आज्ञाही अनुवादातच आहे.

आपला जोडीदार या सगळ्यात फारसा सहभागी होत नाही, असेही आपण लिहिले आहे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा पिता हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होता, आणि पौल त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना आजी लोईस आणि आई युनीके यांचीच नावे घेतो. तेव्हा जोडीदाराची वाट पाहत थांबू नये. त्याला किंवा तिला ओढून बसवूही नये; मुलांबरोबर आज रात्रीच बसावे आणि दार उघडे ठेवावे.