७५ च्या पुढं अँबॅसिडर मिसिंग मारते, दोष नेमका कुठं?

प्रश्न (निपाणी): नमस्कार काका, आमच्याकडं १९७८ ची अँबॅसिडर मार्क थ्री आहे, पेट्रोल, एस यू कार्बोरेटर. आजोबांनी तंबाखूच्या पैशातनं घेतलेली, त्यामुळं विकायचं कुणाच्याच मनात नाही. गावात फिरवली तर एकदम झकास, तवंदी घाट पण थर्डला ४० च्या आसपास पूर्ण रेस देऊन चढते, कुठं अडत नाही. पण संकेश्वर सोडून सपाट रोडला ७५ च्या पुढं गेलो की फट फट फट सुरू. जाग्यावर उभी करून रेस वाढवली तरी तसंच करायलीय. मिस्त्रीमामांनी प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला, पॉइंट (स्पार्कसाठी करंट जोडणारा-तोडणारा बारका स्विच) आणि त्याचा कंडेन्सर नवीन घातले. काही फरक नाही. आता ते म्हणायलेत इंजिन खोलूया. खोलू काय?

उत्तर: नको नको, इंजिनला अजून हात लावू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे बघा. घाटात पूर्ण रेस देऊन गाडी ओढते म्हणजे पेट्रोल पुरतंय, आणि सिलिंडरमध्ये प्रेशर सगळ्यात जास्त असताना सुद्धा प्लग स्पार्क देतोय. कारण प्रेशर वाढलं की स्पार्कला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) मेलेली असती किंवा प्लगला जाणारी हायटेन्शन वायर गळत असती तर ती घाटातच उघडी पडली असती. आणि जाग्यावर रेस देताना इंजिनवर लोडच नसतो, पेट्रोल किती थोडं लागतं तेव्हा, तरी मिसिंग आहे. मग कार्बोरेटर दोनदा काय दहादा खोलला तरी काय होणार? तरी खात्रीसाठी मिसिंग मारताना चोक थोडा ओढून बघा, एस यू मध्ये चोक ओढला की जेट खाली जातो आणि मिक्स्चर जाड होतं. त्यानं सुधारलं नाही तर पेट्रोलचा विषय संपला.

राहिलं काय तर वेळ. चार सिलिंडरच्या इंजिनला एका फेऱ्यात दोन स्पार्क लागतात. ८०० आरपीएमला दोन स्पार्कच्या मध्ये साडेसदतीस मिलिसेकंद मिळतात, ४००० ला फक्त साडेसात. त्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ पॉइंट मिटलेला असतो आणि तेवढ्यातच कॉइल भरून घ्यायची असते, म्हणजे ४००० ला जेमतेम ५ मिलिसेकंद. पॉइंटमध्ये जरा गडबड असली की आयडलला काहीच कळत नाही आणि वर गेलं की लगेच फटफट, आणि नवीन पॉइंट घातला म्हणून गडबड गेली असं धरून चालू नका.

पहिली टेस्ट फुकटची आहे. डिस्ट्रिब्युटरला (ज्यात पॉइंट बसतो आणि जो एकेका प्लगला स्पार्क वाटतो) जी व्हॅक्यूमची बारकी नळी येते ती काढा, कार्बोरेटरकडचं तोंड बंद करा आणि जाग्यावर रेस देऊन बघा. मिसिंग गेली तर दोष वायरचा. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटची प्लेट व्हॅक्यूमनं सरकते, तिच्याबरोबर एक विणलेली बारकी अर्थची वायर आणि पॉइंटला जाणारी वायर पण हलते. वर्षानुवर्षं हलून ती आतनं तुटते, वरनं कव्हर चांगलं दिसतं. आमच्या घरच्या १९७४ च्या गाडीला हेच झालेलं. मी तीन महिने पंप बदल, टाकी धू, असलंच करत बसलेलो, शेवटी चोर्ला घाटाच्या अलीकडं गाडी उभी करून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, वायर बोटानं ओढली तर रबरासारखी ताणली, आत तांबं तुटून गेलेलं. त्या दिवशी आनंद पण झाला आणि तीन महिने गेले म्हणून वाईट पण वाटलं. आणि घाटात पूर्ण रेस दिली की व्हॅक्यूम जवळजवळ शून्य होतो, प्लेट हलतच नाही, तुमच्या लक्षणाशी हे बरोबर जुळतंय म्हणून आधी हेच सांगायलोय.

नळी काढून पण मिसिंग राहिली तर डिस्ट्रिब्युटरमधला रोटर धरून शाफ्ट आडवा हलवून बघा. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजला असेल तर हाताला खेळ लागतो. मग फीलर गेजनं कॅमच्या चारही टोकांवर पॉइंटचा गॅप मापा. १४ ते १६ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) पाहिजे, आणि चारही ठिकाणी जवळजवळ सारखा. एका टोकाला १५ आणि दुसऱ्याला २० निघाला तर कसला पण पॉइंट घाला, शाफ्ट डुलतोय तोवर काही उपयोग नाही. बुश करायला लांब जायला नको, बेळगावात उद्यमबागला लेथवर काम करणारी चांगली माणसं आहेत, शाफ्ट सोबत न्या आणि मापावर ब्राँझचा बुश करून घ्या. शाफ्ट पण खाल्लेला असेल तर आधी तो बघायला सांगा, नाहीतर नवीन बुश फुकट जाईल.

बुश चांगला निघाला तर पॉइंटच्या स्प्रिंगवर संशय घ्या. ढिली असेल तर वरच्या स्पीडला पॉइंट कॅमवर बसतच नाही, उड्या मारतो. जुना पॉइंट टाकला नसाल तर दोन्हीच्या स्प्रिंगचा ताण बोटानं ताडून बघा. कंडेन्सर पण नवीन आहे म्हणून चांगलाच असं नसतं हो, चालू असलेला जुना परत लावून बघण्यात काय जातंय. मधे कुणी कॉइल बदललीय काय तेही विचारा, बॅलास्ट (कॉइलच्या आधी लावलेला रेझिस्टर) नसलेल्या सर्किटला कॉइलची प्रायमरी साधारण ३ ओहमची लागते, दीड ओहमची बसवली तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. प्लगचा गॅप २५ थाऊ ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, मिस्त्रीमामांना पण हेच सांगा. ते नाराज होणार नाहीत, त्यांना पण गाडी बरी झालेलीच पाहिजे की.

प्रश्न (खानापूर): माझी जुनी फियाट तीन-चार किलोमीटर जोरात चालवली की हळूहळू दम सोडते, पाच मिनिटं थांबलं की परत चांगली. हे पण पॉइंटचंच काय?

उत्तर: नाही, तुमचं उलट आहे. हळूहळू दम जातो आणि थांबलं की येतो म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होतीय आणि थांबल्यावर भरतीय. दम सोडला की लगेच उतरून टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, ते मोकळं केलं की काम झालं. तसं नसेल तर फिल्टर, मग पंपाचा डायफ्रॅम, आणि रबरी पाइप बघा, तो आतनं फुगून बंद होतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, तेव्हा पाइप आणि डायफ्रॅम दोन्ही इथेनॉल चालणाऱ्या रबराचेच मागून घ्या. टाकीत गंज असेल तर पाइपच्या आधी टाकी धुवा.