‘पाव’ पायावरून आला का?

प्रश्न : पूर्वी पीठ पायांनी मळत, म्हणून ‘पाव’, असं आमच्याकडे सांगतात. कुणी म्हणतं, लादीतला चौथा हिस्सा म्हणून पाव. खरं काय? – एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन्ही नव्हे. पदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, आणतो तो पाव पोर्तुगीज ‘पांव’वरून आला, त्याचं मूळ लॅटिन ‘पानिस’. ‘पदेर’ही पोर्तुगीज ‘पादेइरो’चाच. पडताळा जपानमध्ये मिळतो. 1543 मध्ये पोर्तुगीज तिथे पोचले आणि जपानी माणूसही पावाला ‘पान’ म्हणू लागला. त्याला आपला पायही ठाऊक नव्हता, चौथाईही नाही. पोर्तुगीज उच्चार मात्र नाकातून करायचा. तो सपाट केला की ‘पाउ’ होतो, म्हणजे लाकूड, दांडा!

मापातला पाव संस्कृत ‘पाद’वरून आला. जनावराला पाय चार, त्यातला एक म्हणजे चौथा हिस्सा. पाय आणि पावकिलो असे सख्खे आहेत, म्हणून तर ती दंतकथा पटते. हिशेबात चुकतं ते इथे : सव्वा म्हणजे स-पाद, पाव मिळवायचा, पावणे म्हणजे पाद-ऊन, पाव वजा करायचा. सव्वातीन किलो म्हणजे 3 किलो 250 ग्रॅम, पावणेतीन म्हणजे 2 किलो 750. जुन्या मराठी हिशेबांत पावासाठी आकड्यापुढे एक उभी रेघ असे, ‘३।’ म्हणजे सव्वातीन.

‘देवा, पाव!’ मधला पाव तिसरा. तो ‘प्राप्’ धातूचा. ‘पैसे पावले’ आणि ‘पावती’ही त्यातलेच. कोंकणीत ह्याचा रोजचा अर्थ पोचणे. ‘हांव घरा पावलों’ म्हणजे मी घरी पोचलो. पुण्याहून आलेल्याला ‘बस पावली’ ऐकून बस प्रसन्न झाल्यासारखं वाटेल.

शंका आली तर प्रत्यय लावून पाहा. खायच्या पावाला तो थेट लागतो : पावाचा, पावाला. चौथाईचा पाव जागचा हलत नाही, प्रत्यय पुढच्या शब्दाला जातो : पाव लिटरची बाटली. तिसरा कर्त्याप्रमाणे बदलतो : पावला, पावली.

प्रश्न : पावाच्या पिठात घालत तो सूर (माडी) आणि गाण्यातला सूर एकच का?

उत्तर : नाही. गाण्यातला सूर ‘स्वर’वरून आला, माडाचा संस्कृत ‘सुरा’ (मद्य) या शब्दावरून. माडाचा सूर काढल्यावर आपोआप आंबू लागतो. त्यातल्या यीस्टने पीठ फुगतं.