‘कंटाळा आला’ लिहिण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण दोनदा वाचलं. ‘एंडर्स गेम’ या कादंबरीचा पुढचा भाग, ‘स्पीकर फॉर द डेड’, वाचून झाल्या झाल्या तुला त्यावर लिहावंसं वाटलं, याचाच मला फार आनंद झाला. पण पहिल्या परिच्छेदात तू ‘पहिल्या भागाची मजा नाही, कंटाळा आला’ एवढंच म्हटलंस, आणि पुढे ज्यांना पुस्तक आवडलं त्यांची मतं एकामागून एक खोडून काढलीस. तुझ्या हातून याहून खूप चांगलं लिहून होईल, म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिल्या वाचनात माझंही तेच झालं होतं. शंभरेक पानांवर पुस्तक मिटून ठेवलं. पहिल्या भागातली एंडर या मुलाची युद्धशाळा, ते डावपेच, शेवटचा हादरा, सगळं मनात ताजं होतं. आणि इथे एक लहानशी कॅथलिक वसाहत, एका घरातली जुनी दुखणी, पेशींचे नमुने. मी दुसऱ्या पुस्तकात पहिलंच शोधत होते. ऑर्सन स्कॉट कार्ड यांनी एंडरची गोष्ट १९७७ मध्ये लघुकथा म्हणून लिहिली. तिची कादंबरी १९८५ मध्ये आली आणि हा भाग १९८६ मध्ये. त्या लघुकथेची कादंबरी केली तीच मुळी या दुसऱ्या पुस्तकाचा पाया घालण्यासाठी, असं त्यांनी पुढे प्रस्तावनेत सांगितलं आहे. म्हणजे तू टिपणात ज्याला ‘ओढूनताणून जोडलेलं शेपूट’ म्हटलंयस, तेच त्यांना आधी सांगायचं होतं. म्हणून ते तुला आवडलंच पाहिजे असं नाही. फक्त शेपूट हा शब्द काढ.

आता तुझा खरा आक्षेप. ‘एकमेकांना सरळ विचारलं असतं तर पुस्तक वीस पानांत संपलं असतं.’ हे पुष्कळ वाचक म्हणतात, आणि इथे मला तुला थोडं थांबवायचं आहे. ही वसाहत ज्या ग्रहावर आहे त्या लुसितानियावर विचारायलाच बंदी आहे. माणसांच्या संस्कृतीची छाया तिथल्या मूळ बुद्धिमान जीवांवर, पेकेनिनोंवर, पडू नये म्हणून कायद्याने कुंपण घातलंय. कुंपणापलीकडे त्यांच्याकडे जायची परवानगी एखाददुसऱ्या अभ्यासकाला, आणि त्यानेही आपल्या अपेक्षा उघड होतील असा प्रश्न करायचा नाही. प्रश्नातून आपण काय गृहीत धरलंय ते समोरच्याला कळतं, ही त्यामागची भीती. कायदा चांगल्या हेतूने केलेला आहे, आणि त्याच्यामुळेच पिपो या अभ्यासकाचा चिरलेला देह गवतात सापडल्यावर त्याच्या मुलाला, लिबोला, ‘का केलंत?’ एवढंही विचारता येत नाही.

दुसऱ्या बाजूला पेकेनिनोंच्या लेखी तो सर्वोच्च मान होता. त्यांच्यात असा देह उघडला की त्यातून झाड उगवतं आणि तो जीव झाड होऊन पुढे जगतो. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला हा मान द्यायचा. पिपोने सुरी उचलायला नकार दिला, म्हणून मान त्याच्या वाट्याला आला. ही पानं पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. दोन्हीकडे प्रेम होतं, आणि तरीही एक माणूस गेला.

लिबोवर प्रेम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञ नोविन्याचं मात्र वेगळं आहे. तिच्या गप्प बसण्याला कायदा जबाबदार नाही. ज्या शोधामुळे पिपो गेला असं तिला वाटतं, त्याच्या नोंदी ती लिबो वाचावा म्हणून दडवते, नवऱ्याला त्या पाहण्याचा हक्क मिळेल म्हणून लिबोशी लग्नही नाकारते, आणि लिबो शेवटी तसाच मरतो. इतकी वर्षं एवढी हुशार बाई एकालाही काही सांगत नाही, हे मलाही पटत नाही. कथेला तिचं मौन हवं होतं म्हणून ते लांबलंय. तुझ्या रागाचा रोख इथे ठेव. सगळ्या पुस्तकावर पसरलास तर त्याची धार जाते.

मृतांसाठी बोलणारा म्हणून लुसितानियावर येणारा एंडर फारच निर्दोष आहे, काही दिवसांत अख्खं मोडकं घर सावरतो, हे वाचकांचं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. बाहेरून आलेला एकजण येऊन सगळ्यांना समजून घेतो आणि माणसं व पेकेनिनो यांच्यातला करारही तोच घडवतो, याने अस्वस्थ होणारे वाचकही चुकीचे नाहीत. कार्ड यांचा समलिंगी विवाहाला असलेला जाहीर विरोध माहीत असल्यामुळे काहींना हे पुस्तक हातात धरवत नाही. त्यांना ‘साहित्य वेगळं, लेखक वेगळा’ असं एका ओळीत उडवून लावू नकोस. परक्याला ओळखण्याबद्दलचं पुस्तक आहे हे. दुखावलेल्या वाचकाला त्याच्याच पानांतून प्रश्न पडतो.

तुझ्या टिपणात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते सहजीवनाचा सगळा पेच तिथे आहे: डेस्कोलाडा. माणसांसाठी तो जीवघेणा विषाणू, नोविन्याचे आईवडील त्यावर उपाय शोधता शोधता त्यानेच गेले. पेकेनिनोंसाठी मात्र त्याच्याशिवाय जन्म नाही की झाड होणं नाही. इथे गैरसमज दूर करून भागत नाही. परक्यांच्या प्रतवारीत ‘रामन’ म्हणजे ज्याच्याशी संवाद होऊ शकतो तो, आणि ‘वारेल्से’ म्हणजे ज्याच्याशी होऊच शकत नाही तो. एखाद्याला रामन म्हणणं ही आपल्या समजेची वाढ आहे, त्याची नव्हे, असं पुस्तक सांगतं. छान वाटतं वाचायला. पण ज्याच्या जगण्यात तुमचं मरण आहे, त्याला रामन म्हणून रोज शेजारी कसं राहायचं? आवडलेल्या आणि न आवडलेल्या दोघांनीही या प्रश्नावर थोडंच लिहिलेलं मी पाहिलंय. तू लिही.

आधी एक कर. करारानंतर ह्यूमन हा पेकेनिनो एंडरला आपल्याला झाड कर म्हणतो, आणि एंडर स्वतःच्या हाताने ते करतो, तो भाग पुन्हा वाच. पिपोने जे नाकारलं तेच एंडर करतो. तो प्रसंग वाचताना तुझ्या मनात ‘मारलं’ हा शब्द आला की दुसरा कुठला, ते समासात पेन्सिलीने लिहून ठेव. नवं टिपण त्या शब्दापासून सुरू कर आणि झालं की पाठव. मी वाट पाहते आहे.

तुझी,
ताई